पडद्यामागचं स्टूल

४ फेब्रुवारी

सुपकान्या,

पाकिटावरचं अक्षर बघून फाडून टाकू नकोस. सहा वर्षांनी लिहितेय, ते भांडायला नाही आणि गोड व्हायला तर मुळीच नाही. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी दुसऱ्या वाक्याला भडकेन. कागदावर भडकायला वेळ लागतो. माझं एकेक अक्षर काढेपर्यंत निम्मा राग निवतो.

तुझी छापील पत्रिका स्टुडिओत आली. मालकांनी ती बोर्डवर टाचली. खाली कुणीतरी पेन्सिलीने वटवाघूळ काढलं होतं, ते मी खोडून टाकलं. तुझ्या प्रेमापोटी नाही. बोर्ड पुसणं माझं काम आहे.

बोट ठेवून वाचली सगळी. माणसाच्या कानापलीकडचा आवाज ओळखणारी बापलेक. दहा मार्चला भरल्या हॉलमध्ये अकरा वर्षांची पोर डोळ्यांवर पट्टी बांधून बसणार, आणि कुठल्या गाण्यात वरचा आवाज शाबूत आहे नि कुठल्यातला कापलाय ते सांगणार. शेजारी तिचा फोटो. कानांवर तिच्या डोक्याएवढे हेडफोन. फोटोत हसतेय, पण ते हसू कॅमेरावाल्याने 'हस' म्हटल्यावरचं आहे. मला कळतं.

पोरीला बसवू नकोस.

तू विचारशील, तू कोण सांगणार? मी तुझी बहीण. आई आजारी पडली तेव्हा चौथीतून दप्तर ठेवलं आणि तुला कडेवर घेतलं ती. तू शाळेत जावंस म्हणून मी गेले नाही. हे तुला ऐकवायचं नव्हतं, पण लिहिताना आलं. राहू दे.

तुला मी पुरती ओळखते. जिंकलास तर कान तुझे, हरलास तर चूक दुसऱ्याची. मी चव्वेचाळीस वर्षांची होते, माझ्यावर खापर फोडलंस, मी फडकं उचललं नि फरशी पुसायला लागले. अकरा वर्षांच्या पोरीला तसं करता येत नाही. ती ते खापर जन्मभर घेऊन फिरेल.

आणि एक. त्या दिवशी पडद्यामागे माझं काहीही चुकलं नव्हतं. एवढं लिहून तो विषय मी संपवते.

ताई


११ फेब्रुवारी

खारूताई,

तुझी चिठ्ठी पोचली. तू म्हणालीस म्हणून उत्तर तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवतेय. तिला सांग, पाकीट फोडलंस तर आत्या येऊन कान उपटेल.

तू पाच वर्षांची असताना मला शेवटचं बघितलंस. तरी अडचण आल्यावर आत्याच आठवली. बरं केलंस. आत्या अडचणीलाच आठवायची असते, सुखात आठवून ती काय करणार?

चिठ्ठी तीनदा वाचली. 'आत्या, मला दोन्ही गाणी सारखीच ऐकू येतात. पूर्ण गाणं लावायच्या आधी बाबा श्वास धरतात. त्यावरून मी सांगते. हॉलमध्ये बाबा लांब बसणार आहेत. बाबांना सांगू नकोस.'

पहिली गोष्ट, तू लबाड नाहीस. बाप आशेने तोंडाकडे बघत असला की पोर काहीही ओळखायला शिकते. दुसरी गोष्ट, तुझे कान उत्तम आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू विसरली असशील म्हणून सांगते.

तेव्हा तुझे बाबा इथेच, मी जिथे झाडलोट करते त्या स्टुडिओत काम करायचे. त्यांना ज्यांनी शिकवलं ते म्हातारे मास्तरही होते. मास्तरांनी एकदा आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि मशीनवर एक शिट्टी लावली. ती चढत जायची. ऐकू येतंय तोवर हात वर, थांबली की खाली. मास्तरांचा हात पहिल्यांदा खाली आला, आठ हजारांवर. मग मालकांचा. माझा तेरावर. तुझ्या बाबांचा पंधरावर, तोसुद्धा कुरकुरत. तू माझ्या कडेवर होतीस. तुझा हात एकटाच वर राहिला, एकोणीस हजारांच्याही पुढे. आम्हाला सगळं शांत, आणि तू कान झाकून म्हणालीस, "बंद करा ना!" पण वीस व्हायच्या आत तुझाही हात खाली आला. हजार म्हणजे काय ते मला विचारू नकोस, हवेचे सेकंदाला तेवढे हेलकावे म्हणे.

मास्तर म्हणाले, "झालं. इथे माणूस संपतो. पुढे कुत्रा आणि वटवाघूळ. त्या दोघांनी अजून एकही गाणं विकत घेतलेलं नाही."

सगळे हसले. तुझे बाबा हसले नाहीत. म्हणाले, "कानाला ऐकू येत नसेल, पण तो वरचा आवाज असला की खालचा सगळा उघडतो. मला कळतं. भिंत सरकल्यासारखं होतं." मास्तर म्हणाले, "असेलही. मी नाही म्हणत नाही. पण झाकून विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

म्हणून झाकून विचारलं. काळा पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूला तुझे बाबा, दुसऱ्या बाजूला मी. मालक म्हणाले, बटण दाबायला असं कुणीतरी हवं ज्याला यातलं काही कळत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर बसले. कागदावर वीस ओळी होत्या, लाल लिहिलं की लाल दाबायचं, हिरवं लिहिलं की हिरवं. लाल म्हणजे पूर्ण गाणं, हिरवं म्हणजे वरचा आवाज कापलेलं. हे मला तेव्हा सांगितलंही नव्हतं. तुझ्या बाबांनी वीसपैकी एकोणीस बरोबर सांगितले. महिन्याभराने बाहेरची मोठी माणसं बघायला आली, तेव्हा पुन्हा तेच केलं. वीसपैकी दहा. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. त्यानंतर तुम्ही हे गाव सोडलंत.

माणसं कशाकशावरून ओळखतात याचं मला तुझ्या चिठ्ठीने नवल वाटलं नाही. असं ओळखणारं आणखी एक माणूस मी बघितलंय. कोण ते आज नाही सांगत.

बाबांना सांगणार नाही. शब्द. पण दहा मार्च यायच्या आत मी काहीतरी करते. तू जेव नीट.

आत्या


१९ फेब्रुवारी

सुपकान्या,

कार्ड मिळालं. एकच ओळ. 'ज्यांना लाल-हिरवं नीट दाबता आलं नाही, त्यांनी माझ्या मुलीच्या कानांची काळजी करू नये.' आणि खाली पूर्ण सही. भावाने बहिणीला सही ठोकून पाठवलेलं पत्र पहिल्यांदाच बघितलं. शिक्का तेवढा राहिला.

सोबतचा कागद बघ. दुसऱ्या परीक्षेचा, तू हरलास त्या दिवशीचा आहे. सहा वर्षं बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता. वीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे माझी खूण. दाबलं की खूण, दाबलं की खूण. मला वाचायला वेळ लागतो, येत नाही असं नाही. तुझं बोट धरून दुकानांच्या पाट्या कुणी वाचून दाखवल्या होत्या? तुझ्या शाळेने?

आता ऐक. ऐकण्यात तू मोठा ना, मग ऐक.

पडद्यामागचं टेबल अरुंद होतं. हिरवं बटण माझ्या हाताशी. लाल पलीकडच्या पेटीवर. लाल दाबायचं तर मला स्टुलावरून पुढे वाकावं लागे. आणि त्या स्टुलाच्या एका पायाचा बोल्ट सैल होता. वाकलं की किर्र. फार नाही, उंदराने कागद ओढल्याइतकं. मागे उभ्या असलेल्या मालकांना ऐकू आलं नाही. मला तरी कुठे नीट ऐकू येत होतं? मला ते बुडाखाली जाणवायचं.

किर्र झालं की पडद्यापलीकडून तू म्हणायचास, "पूर्ण." नाही झालं की, "कापलेला." एकोणीस वेळा.

दुसऱ्या वेळेच्या आधी सुताराने ते स्टूल दुरुस्त केलं होतं. किर्र बंद झाली आणि तुझी ती सरकणारी भिंतही बंद झाली. एवढंच झालं. माझं वाचणं नाही चुकलं, तुझे कानही बिघडले नाहीत.

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तुला खरंच वाटत होतं की गाणं उघडतंय. तुझं तोंड मी पडद्याच्या फटीतून बघितलं होतं. लहानपणी आजारातून उठून पहिल्यांदा दारात आला होतास, तसं तोंड.

म्हणून सांगते, भरल्या हॉलमध्ये पोरीला बसवू नकोस. तिला काय ऐकू येतं नि काय नाही, यातलं मला काही ठाऊक नाही. मी तुझ्यावरून बोलतेय.

ताई


२६ फेब्रुवारी

मला लिहायचं सोडून तू मालकांना फोन केलास. विचारलंस, सहा वर्षांपूर्वी स्टुडिओत सुतार कधी आला होता? मालक वहीत बघून म्हणाले, त्या वर्षी सुतार आलाच नाही. मग मला आत बोलावून माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. मी म्हटलं, "कचरा कुठे पडलाय का?" आणि बाहेर आले.

सुतार आला नव्हता. बोल्ट मी आवळला.

आता एकदा लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. खोडाखोड झाली तर वाचून घे.

दुसऱ्या परीक्षेच्या चार दिवस आधी मास्तरांनी एका रेकॉर्डिंगमध्ये तुझी चूक काढली. सगळ्यांसमोर तू म्हणालास, "मास्तर, तुमच्या कानांत आता नुसते केस उरलेत. घरी बसा." सगळे खिदळले. मास्तरही हसले. मग त्यांनी हातातली वायर गुंडाळली. ते गुंडाळायचे तशी, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. खुंटीला अडकवली. पिशवी घेतली आणि गेले. परत आले नाहीत. तुला पंधराव्या वर्षी कामाला लावलं, जेवणाचा डबा अर्धा वाटून दिला, त्या माणसाला तू केसांवरून बोललास.

तू तेव्हा एकोणीसवाला होतास ना. लोक तुला दाखवायला पाहुणे आणायचे. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

परीक्षेच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी विजेच्या पेटीतला पाना घेतला, स्टूल उलटं केलं, बोल्ट आवळला, शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले. बसून बघितलं. वाकून बघितलं. चूप. पाना जागेवर ठेवला, हात धुतले.

मला माहीत होतं काय होणार. पहिल्या परीक्षेतच, बारावी ओळ झाली तेव्हा, मला किर्रचं गणित कळलं होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उरलेल्या आठ ओळींतही लाल आलं की मी तशीच वाकले. मालकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी तुझ्या पाठीवर थापा मारल्या, आणि मी कप गोळा करत होते. वाटलं, आपला पोरगा जिंकला, आपल्याला काय करायचंय. म्हणजे पहिल्यांदा मी तुला खोटं जिंकवलं आणि दुसऱ्यांदा खरं हरवलं. दोन्ही वेळा तुला न विचारता.

मला वाटलं होतं, चारचौघांत जराशी जिरेल, मास्तरांच्या पाया पडशील, ताळ्यावर येशील. तू माझ्याकडे बोट केलंस. "अडाणी बाई बसवली तर असंच होणार. तिला कागद वाचता येत नाही." तू 'ताई' नाही म्हणालास. बाई म्हणालास.

खरं सांगू? लागलं, आणि सोयीचंही झालं. तू मला एवढं बोललास, तेव्हा मी केलेलं फिटलं, असं मी धरून चालले. सहा वर्षं तुझ्या त्या एका वाक्याआड लपून बसले. वाक्य घट्ट होतं. किर्रसुद्धा वाजलं नाही.

हे मी माझ्यासाठी नाही लिहीत. दहा मार्चसाठी लिहितेय. तू त्या खोट्या एकोणीसच्या पायावर पोरीला उभी करतोयस, आणि तो पाया मी घातलाय.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. ये आणि बघ. स्टूल अजून इथेच आहे, मी त्यावर बसूनच जेवते. रविवारी स्टुडिओ बंद असतो, किल्ली माझ्याकडे असते. मी मालकांना विचारलंय, ते कागद लिहून देतील.

ताई


४ मार्च

खारूताई,

काल तुझे बाबा येऊन गेले. तुला कामाला जातो म्हणून सांगून आले होते. मी तुला खरं सांगतेय, कारण या घरात आता पुरे झालं लपवणं.

सकाळी नऊला दारात उभे. केस पांढरे झालेत की त्यांचे. मला कुणी बोललं नव्हतं. आत येऊन म्हणाले, "स्टूल कुठंय?" मी म्हटलं, "आधी पाणी पी." पाणी प्यायले. तेवढंच बोलणं.

पहिलीच गोष्ट सांगते. तुझ्या बाबांना मी एक जुनं गुपित कळवलं होतं. ते माझं होतं, तुझं नाही. पडद्यामागचं स्टूल कुरकुरायचं आणि तुझे बाबा त्यावरून ओळखायचे, त्यांचं त्यांनाही न कळता. तू श्वासावरून ओळखतेस ना, तसंच. तू निदान जाणून ओळखतेस. तू त्यांच्यापेक्षा हुशार आहेस.

मालकांनी नाणं उडवून तीन कागद तयार केले. बाबा म्हणाले, "बोल्ट सैल आहे की घट्ट, मला सांगायचं नाही." पडदा ओढला. मी पहिल्यांदा घट्ट केला. वीसपैकी अकरा. मालकांनी आकडा सांगितला.

मग सैल केला. वीसपैकी अठरा.

आकडा ऐकून ते पडदा बाजूला करून आले. चेहरा पांढरा. म्हणाले, "ताई, मी मुद्दाम कुरकुरीकडे कान देऊन बसलो होतो. आली तर त्या वेळचं उत्तर सोडून द्यायचं ठरवलं होतं. मला कुरकुर आलीच नाही. मला फक्त गाणं उघडलं."

मालक हळूच म्हणाले, "मग आलं असेल खरंच ऐकू." बघ, माणसाला किती पटकन मोह होतो. मलासुद्धा क्षणभर वाटलं, अरे, असेलही! भावाचं खरं निघालं तर कुणाला नको असतं?

पण मी अडाणी बाई, मला फरशी उलटसुलट दोन्हीकडून पुसायची सवय. मी म्हटलं, "परत बस." बोल्ट सैलच ठेवला आणि दोन्ही पेट्यांची अदलाबदल केली. आता पूर्ण गाणं हाताशी, कापलेलं पलीकडे. म्हणजे कापलेल्यासाठी वाकायचं. बाबांना नाही सांगितलं. मालकांनाही नाही.

वीसपैकी तीन.

कळलं ना? सतरा वेळा त्यांनी उलटं सांगितलं, कापलेल्याला पूर्ण नि पूर्णला कापलेलं. कापलेल्यात वरचा आवाज नव्हताच, तरी त्यांची भिंत सरकली. स्टूल वाजलं की सरकायची.

मी पडदा सारून सांगितलं काय केलं ते. बाबा खुर्चीत तसेच बसून राहिले. मालक उगाच बाहेर गेले. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय करायचं कळेना म्हणून त्यांच्यासमोरचं टेबल पुसलं. स्वच्छच होतं.

बाबा माझ्या फडक्याकडे बघत म्हणाले, "तुला आठवतं, तू कामावरून यायचीस तेव्हा मी आतूनच सांगायचो, आज ताई दमलीय की चिडलीय?"

मी म्हटलं, "जिन्यावरून सांगायचास. चौथी पायरी वाजायची."

"मला पायरी कधी ऐकू आली नाही," ते म्हणाले. "मला तू कळायचीस."

मी परत टेबल पुसलं.

मग म्हणाले, मास्तरांकडे जाऊ. गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ते मी बाबांना सांगायचं विसरले. बाबा त्यांच्या पायाशी बसले आणि मान खाली घालून पुटपुटले, "मास्तर, चुकलो."

मास्तरांनी कानामागे हात धरला. "आं?"

"चुकलो म्हटलं."

"मोठ्याने बोल, मोठ्याने! काय हवंय?"

शेवटी तुझ्या बाबांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मी चुकलो, मास्तर! मी तुमचा अपमान केला!" समोरची बाई दारात आली. एक कुत्रा भुंकायला लागला. मास्तर म्हणाले, "हां, आत्ता आलं," आणि बाबांच्या कानाला धरून दोनदा हलवलं. मग रडले. कोण ते नाही सांगत, मला नीट दिसत नव्हतं.

मी खडूने पाटीवर लिहून मास्तरांना तीन आकडे दाखवले. अकरा, अठरा, तीन. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "यावरून इतकंच कळलं, की याला वरचा आवाज ऐकू येतो असं आपण दाखवू शकलो नाही. जगात कुणालाच येत नाही असं पाटीवर लिहू नकोस हं." म्हाताऱ्याची खोड काही जात नाही. पण बाबांनी तेवढ्यावर मान हलवली. त्यांना ते बरं वाटलं. मलाही.

आता तुझं. तुझी चिठ्ठी मी दाखवली नाही. शब्द पाळला. पण खारूताई, आता तू सांग. मी सांगून चालणार नाही. तुझ्या बाबांना आयुष्यात सगळं पडद्यामागून कळलंय. एक गोष्ट तरी कुणी समोर उभं राहून सांगू दे. भीती वाटेल. वाटू दे. मला तर सहा वर्षं लागली, तुला दोन दिवस पुरतील.

कसं सांगायचं ते नाही जमलं तर माझं पत्र दाखव आणि श्वास धरून उभी राहा. त्यांना कळेल.

आत्या


८ मार्च

सुपकान्या,

पत्र मिळालं. वर 'ताई' लिहिलंयस आणि सही नाही. बरं वाटलं.

पोरीने सांगितलं म्हणतोस. श्वासाचं ऐकून आधी हसलास आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलंस, हे तू नाही लिहिलंस, तिने लिहिलंय. तिच्यावर रागावला नाहीस, त्यासाठी मी तुला काही म्हणणार नाही. न रागावणं हे काही बक्षीस देण्यासारखं काम नाही. पण वाचताना माझी पाठ जरा मोकळी झाली.

कार्यक्रम रद्द करत नाहीस, हे वाचून आधी कपाळावर हात मारला. मग पुढचं वाचलं. पट्टी तू बांधणार, पडद्यामागे ती बसणार, आणि त्या दिवसासारख्याच तीन फेऱ्या करून लोकांना तिन्ही आकडे दाखवून झाले की पडदा उघडणार. चारचौघांत हसं होईल तुझं. होऊ दे. एकदा होऊन जातं.

कागद तिला मोठ्या अक्षरात लिहून दे. प्रत्येक ओळीपुढे खूण करायला सांग. बोटाने ओळ धरून वाचलं तर कुणी हसता कामा नये, हसलं तर मी हॉलमध्ये असेन. हो, येतेय. मास्तरांनाही आणतेय. त्यांना ऐकू येणार नाही, पण बघायचंय म्हणतात. आम्हाला दाराजवळची जागा ठेव. पुढे बसवून माझं कौतुक करायला गेलास तर उठून जाईन.

तू मागितलंस तसं स्टूल या पत्रासोबतच पाठवतेय. सामानाच्या गाडीवाल्याला दोनदा बजावलंय. जुन्या चादरीत बांधलंय, गाठी कात्रीने कापू नकोस, सोड, चादर मला परत हवी. पोरगी हलकी आहे, माझ्याएवढं तिच्या वजनाने वाजणार नाही, म्हणून बोल्ट आणखी अर्धा आटा सैल केलाय. घट्ट करायचा असेल तेव्हा पाना सोबत आहे. तेल पाठवत नाही. तेलाशिवायच बरं.

आणि एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी तू जाताना दारात म्हणालास, "म्हणजे माझ्या कानांत काहीच खास नाही." मी तेव्हा नुसतं "नीट जा" म्हटलं. आता लिहिते. माझ्या बुडाखालचं स्टूल मला धड ऐकू येत नव्हतं. मालकांना नाही, बाकी कुणालाच नाही. भरल्या गाण्यातून, जाड पडद्यातून ते एकट्या तुला पोचत होतं. तू त्याचं नाव चुकीचं ठेवलंस, बाकी काही नाही. मी वाकले की तुला कळत होतं.

स्टूल चादरीत बांधल्यापासून मालकांनी मला जेवायला बसायला नवी खुर्ची दिलीय. मऊ आहे, चाकं आहेत. मुकी आहे अगदी. मला तिचा राग येतो. कार्यक्रम झाला की स्टूल परत पाठव. नाहीतर तूच घेऊन ये.

ताई